पोहणाऱ्याचे कष्ट, देणाऱ्याची नियत

वाचकहो, नवी पेठेतील एक तरुण जुम्याच्या नमाजनंतर माझ्याजवळ येऊन बसला. "मौलाना, डायलिसिसच्या गरीब रुग्णांसाठी मालवणच्या समुद्रात पोहून देणग्या जमवल्या, तर तो सदका ठरेल की दिखावा?" प्रश्न मला लागला. याच रुग्णांसाठी मी सलग तीन जुम्यांना आवाहन केले होते आणि पेटी हलकीच राहिली होती.

त्याच्यासमोर जिया राय हिचे उदाहरण होते. स्वमग्नता असलेली ही मुलगी १७ फेब्रुवारी २०२१ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहली. ८ तास ४० मिनिटे. पैशासाठी नव्हे, स्वमग्नतेविषयी समाजात जाण यावी म्हणून.

तुम्ही विचाराल, कष्टाने दान अधिक पवित्र होते काय? सहीह बुखारीत अबू इस्राईल नावाच्या गृहस्थांचा प्रसंग आहे. उन्हात उभे राहायचे, बसायचे नाही, बोलायचे नाही आणि रोजा ठेवायचा, असा त्यांचा नवस होता. प्रेषितांनी (स.) त्यांना सावलीत जाण्यास, बसण्यास, बोलण्यास फर्मावले, रोजा तेवढा पूर्ण करवला. देहाला दिलेली पीडा ही इबादत नव्हे.

मग पोहणे व्यर्थ? तसेही नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत जरीर (रजि.) सांगतात, की लोकरी वस्त्रांतील काही गरजू बद्दू मदीनेत आले. प्रेषितांनी (स.) आवाहन केले, तरी लोकांकडून विलंब झाला. त्यांच्या आवाहनालाही विलंब, तिथे माझ्या पेटीची काय कथा! मग एका अन्सारीने चांदीची थैली आणली, पाठोपाठ दुसरा आला, रीघ लागली आणि प्रेषितांचा (स.) चेहरा खुलला. चांगली रीत सुरू करणाऱ्याला मागून येणाऱ्यांचेही पुण्य मिळते, हे तेव्हाच सांगितले गेले.

म्हणून त्याला म्हणालो, खुशाल पोह. पण सोबत बचावाची नाव असू दे, सतर सांभाळ, जोहर चुकवू नकोस, पै-पैचा हिशेब दे, आणि पहिली देणगी तुझीच असू दे. सूरह बकराच्या २७१ व्या आयतीनुसार उघड दान चांगलेच. गरिबांना गुप्तपणे दिलेले अधिक चांगले.

आणि आपण? रुग्णांची गरज तीन जुम्यांपूर्वीही हीच होती. लाटांतला मुलगा पाहून सुटलेला हात रुग्णासाठी सुटतो की तमाशासाठी, हे ज्याने त्याने पाहावे. माझ्यापुरते सांगतो: त्या तीन जुम्यांत मी बोललो पुष्कळ, पण पेटीत पहिली रक्कम माझी नव्हती.