चौघांनी उचललेली खाट



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेसह येशूकडे आणतात. गर्दीने दार अडलेले, म्हणून ते छप्पर उसकटून खाट खाली सोडतात. त्या चौघांची नावे शुभवर्तमानात नाहीत. छपराची दुरुस्ती कोणी केली तेही लिहिलेले नाही. घरमालक मात्र वैतागला असणार!

गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. आपल्या धर्मग्रामातील एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. मदतीच्या घाईत मी रविवारच्या मिस्सात तिचे नाव आणि आजार जाहीर करून टाकला. पैसे भराभर जमले. पण तिची आई पुढे दोन महिने चर्चमध्ये दिसली नाही. एका ओळखीच्या घरी त्या मुलीला चहा वेगळ्या कपात दिला गेला होता. कर्करोग संसर्गाने पसरत नाही, हे शिकल्या-सवरल्यांनाही अजून सांगावे लागते. मी माफी मागायला गेलो, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "फादर, मला विचारायचं तरी."

वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा, हा कांटचा विचार सेमिनरीत आम्हाला शिकवला होता. परीक्षेत मी त्यावर छान लिहिले होते.

कॅनडातील टेरी फॉक्सचे उदाहरण मला त्यानंतर अधिक कळले. हाडाच्या कर्करोगामुळे 1977 साली, अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय कापावा लागला. इस्पितळात पाहिलेले इतर रुग्ण त्याला विसरता येईनात. 12 एप्रिल 1980 रोजी तो कृत्रिम पायावर देशभर धावायला निघाला. मागणे साधे होते: प्रत्येक देशवासीयामागे एक डॉलर. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाल्यावर कर्करोग फुप्फुसांत पोहोचला आणि त्याला थांबावे लागले. जून 1981 मध्ये, बावीस वर्षांचा असताना तो वारला. पण त्याआधीच ती रक्कम पूर्ण झाली होती. देशाने त्याच्यासाठी झोळी फिरवली नव्हती. आजारी मुलगाच इतरांसाठी मागायला निघाला होता.

येशूने त्या पक्षाघाती माणसालाही आपली खाट स्वतः उचलून घरी जायला सांगितले, हे आपण वाचताना पटकन पुढे जातो.

आपल्या मुलीचे उपचार अजून चालू आहेत. तिच्या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात ते साधारण दोन-अडीच वर्षे चालतात. परळच्या टाटा रुग्णालयात दूरदूरच्या राज्यांतून कुटुंबे येतात. औषधांना कुठून तरी मदत मिळते. पण राहणे, जेवण, गाडीभाडे, बापाची बुडालेली मजुरी, मुलाचे हुकलेले कॉलेज यांची पावती कोण फाडणार?

यंदाची योजना तिनेच आखली आहे, आणि हे सारे मी तिच्या व तिच्या आईच्या परवानगीने लिहीत आहे. पुढील रविवारच्या दुसऱ्या दानातील पाकिटांवर नाव लिहू नये. देणगीदारांचा फलक लागणार नाही (काहींनी विचारणा केली आहे, म्हणून सांगतो). प्लेटलेट देऊ शकणाऱ्यांनी युवा मंडळाकडे आपला रक्तगट कळवावा. हाऊजीची तिकिटे दोन्ही मिस्सांनंतर सभागृहात मिळतील. फुगे करून आणणाऱ्या भगिनींनी शनिवारी संध्याकाळपर्यंत संख्या सांगावी. मागच्या वेळी ते अर्ध्या तासात संपले होते.

तुमचा,
फादर