नजर कोणाची?

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो आठवीत, मोबाइलच्या पडद्यावर. सरांनी त्यांना व्हरांड्यातल्या स्टुलावर बसवलं. हसायचं नाही, रागवायचं नाही, नुसतं समोर बघायचं. त्या दहा सेकंदांच्या चित्रीकरणाला आम्ही आळीपाळीने तीन दृश्यं जोडली. खिचडीचं वाफाळतं पातेलं, रिकामा बाक आणि पावसात फाटकाशी एकटं उभं असलेलं मूल. वर्गात दाखवल्यावर मुलं म्हणाली, पहिल्यात मामांना भूक लागलीय, दुसऱ्यात कोणाची तरी आठवण येतेय, तिसऱ्यात जीव तुटतोय. चेहरा तोच, एका डोळ्याच्या पापणीचाही फरक नाही.

रशियात लेव्ह कुलेशोव्हने शंभर वर्षांपूर्वी असाच प्रयोग केला होता, हे सरांनी मागाहून सांगितलं. आधी सांगितलं असतं तर आम्ही ते नाव परीक्षेपुरतं पाठ केलं असतं. सरांनी स्वतः पुण्यात चित्रपट रसास्वादाचा उन्हाळी अभ्यासक्रम केला होता. 1960 साली जिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली ती जागा मुळात 'प्रभात'च्या स्टुडिओची, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आमच्यासाठी पुणं म्हणजे लोकलचं शेवटचं स्टेशन होतं. तिथे सिनेमा शिकवतात, आणि तो शिकायचा असतो, हीच बातमी होती.

त्या दिवसापासून बातम्या बघताना माझं लक्ष शब्दांपेक्षा त्यांच्याखाली लावलेल्या दृश्यांकडे जायला लागलं. पावसाळ्यात टीव्हीवर लोणावळा दिसायचा तो धुकं, धबधबे आणि भाजलेली कणसं घेऊन. त्याच पावसात आमच्याकडे गुडघाभर चिखलात भाताची लावणी चाललेली असायची. ती कधी दिसली नाही. खोटं कोणी काही दाखवत नव्हतं. कॅमेरा फक्त रस्त्याच्या पलीकडे वळत नव्हता.

नववीत आम्ही गावावर माहितीपट करायला घेतला. वडगावचा मुलगा दुसरं काय घेणार? जानेवारी 1779. राघोबादादांना पेशवेपदावर बसवायला मुंबईहून निघालेली कंपनीची फौज बोरघाट चढून आली, तळेगावातून मागे फिरली, वडगावला कोंडली गेली आणि तिला तह करावा लागला. महादजी शिंद्यांच्या स्मारकापासून सुरुवात करायची, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. सायकलच्या कॅरिअरवर मोबाइल बांधून एकाने ती हळूहळू ढकलत न्यायची, हेही ठरलं.

अडलं ते इष्टुर फाकड्यापाशी. हा कंपनीचा कॅप्टन स्टुअर्ट. कार्ल्याजवळ मराठ्यांची फौज न्याहाळायला झाडावर चढला असताना तोफेचा गोळा लागून तो पडला, असं सांगतात. एका मित्राने सुचवलं, आपण झाडावर चढून तिथूनच शॉट घेऊ. घेतला. फांद्यांच्या फटीतून खालचं शिवार, फांदीच्या हेलकाव्याबरोबर हलणारी चौकट आणि चढणाऱ्याचा धापा टाकल्याचा आवाज. पडद्यावर पाहताना आम्ही सगळे गप्प झालो. गोळा आता येणार हे ठाऊक होतं आणि तो येऊ नये असं वाटत होतं. आपल्याच तोफेचा गोळा!

सरांनी विचारलं, "ही नजर कोणाची?"

मला अपराधी वाटलं होतं. शत्रूच्या डोळ्यांनी बघणं म्हणजे त्याच्या बाजूला जाणं, अशी माझी समजूत होती. ती हळूहळू सैल झाली, आणि तीही त्याच्या नावामुळेच. स्टुअर्टचा इष्टुर कोणी केला? त्याला फाकडा, म्हणजे धडाडीचा, ऐटदार शूर, कोणी म्हटलं? त्याच्याशी लढलेल्यांनीच. आपल्या फाकड्यांमधला मान त्यांनी शत्रूलाही दिला. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी माझ्याच भाषेतल्या माणसांनी, लढाई जिंकूनही, त्याला जवळून पाहून घेतलं होतं. हे कळलं त्या दिवशी मला माझ्या गावाचा जितका अभिमान वाटला, तितका तहाची कलमं पाठ करताना कधी वाटला नव्हता.

फिल्म जवळजवळ जुळून आल्यावर तळेगावहून येणाऱ्या एका मुलीने हात वर केला. इंग्रज तळेगावात पोचले तेव्हा गाव जाळून ओसाड केलेलं होतं, त्यांना दाणा-वैरण मिळू नये म्हणून आपल्याच लोकांनी. "मग ज्यांची घरं होती त्यांचा शॉट कुठाय?" तिने विचारलं. आमच्याकडे महादजी होते, फाकडा होता, इंग्रजांनी माघार घेताना तळ्यात ढकलून दिलेल्या तोफांची गोष्ट होती. त्या घरांचं काहीच नव्हतं. ना चित्र, ना नाव.

दोन दिवस अडून बसलो. शेवटी तिनेच तिच्या आजीच्या परसातली विझलेली चूल चित्रित करून आणली. राख, एक अर्धवट जळलेलं लाकूड, वाऱ्याने थोडी सरकणारी राख. निवेदन नाही, संगीत नाही. सात सेकंद. स्नेहसंमेलनात ते दृश्य आलं तेव्हा मागच्या रांगेतून कोणी तरी ओरडलं, "आवाज गेला, आवाज!" सर प्रोजेक्टरपाशीच उभे होते. ते जागचे हलले नाहीत.