हंसराजाचा नाजूकपणा

घरांत कुंडींत ठेवण्याच्या झाडांमध्यें हंसराजाइतकी कीर्ति आणि हंसराजाइतकी अपकीर्ति दुसऱ्या क्वचितच एखाद्या झाडाच्या वाट्यास आली असेल. त्याचे काळेभोर, तारेसारखे बारीक देठ आणि त्यांवर तरंगणाऱ्या हिरव्या पर्णिका पाहून जो तो मोहित होतो; कुंडी घरीं आणतो, बैठकीच्या खोलींत पाहुण्यांच्या नजरेस पडेल अशा जागीं मांडतो; आणि महिन्या-दीड महिन्यानें तींच पानें तपकिरी होऊन कडकडीत वाळलीं म्हणजे "फारच नाजूक झाड बुवा!" असा निवाडा देऊन मोकळा होतो. हा निवाडा कितपत न्यायाचा आहे, याचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे. प्रश्न एका कुंडीपुरता दिसतो खरा. पण तो तेवढाच नाहीं अशी आमची समजूत आहे.

आधीं हंसराज स्वतःच्या घरीं कसा राहतो तें पाहूं. कोकणांत मृगाचा पाऊस स्थिरावला कीं जांभ्या दगडाच्या गडग्यांवर, घाटांतील ओल्या दरडींवर, जुन्या विहिरींच्या आंतल्या चिऱ्यांवर तो आपणहून उगवतो. त्याला कोणी खत घातलेलें नसतें. पुष्कळदां मूठभर मातीहि त्याच्या वाट्यास येत नाहीं, दोन चिऱ्यांमधल्या सांधींतील ओल तेवढी त्याची मिळकत. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या जातीचें पान लांबत जाऊन त्याचें टोंक जमिनीस टेकलें कीं तेथें मूळ धरतें आणि नवें रोप उभें राहतें. पाऊस सरून ऊन तापूं लागलें म्हणजे पानें वाळतात, गडगा उघडा पडतो; आणि पुढल्या पावसांत त्याच सांधींतून कोवळीं वेटोळीं पुन्हां वर येतात. 'व्हीनसचे केस' या अर्थाचें लॅटिन नांव मिरविणारी जगप्रसिद्ध जात तर झऱ्याकाठच्या चुनखडीवर आणि भिंतींच्या चुन्याच्या दरजांत सुखानें नांदते. याच जातींत 1998 साली तांबडा व निळा असे दोन्ही प्रकाश ओळखणारें एक प्रथिन सांपडलें. सावलींतल्या मंद उजेडाचा माग काढण्यास तें उपयोगी पडतें. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याचा जनुक नेच्यांच्या पूर्वजांकडे हॉर्नवर्ट नांवाच्या अगदीं निराळ्या वनस्पतिगटांतून आला असावा. उसनवारी करून का होईना, पण अंधारांत संसार थाटणाऱ्या आणि दगडावर पोट भरणाऱ्या या जीवास नाजूक म्हणावयाचें, म्हणजे धाडसच आहे!

आतां त्याला आम्ही देतों काय? डोक्यावर विजेचा पंखा, किंवा हवेंतील ओल शोषून घेणारें थंडाईचें यंत्र. दुपारीं खिडकींतून येणारी तिरीप. आणि आठवण होईल त्या दिवशीं तांब्याभर पाणी. त्याच्या पर्णिका इतक्या पातळ असतात कीं त्यांत पाण्याचा सांठा कसला तो नसतोच. कुंडी एकदां पुरती सुकली कीं वाळलेलें पान पुन्हां हिरवें होत नाहीं, मग मागून कितीहि पाणी ओता. तेव्हां नाजूकपणा हा झाडाचा गुण नसून झाड आणि आमची बैठक यांच्यामधील एक नातें आहे, असें म्हणणें अधिक खरें होईल. तें नातें जुळविलें आम्ही. दोष मात्र एकट्या झाडाच्या माथीं!

याच्या संगोपनांत मायेपेक्षां नियमितपणाचें काम अधिक आहे. माती पानांच्या कुजलेल्या खताची, भुसभुशीत. ओली नेहमीं, परंतु चिखल कधींच नाहीं, कारण सांचलेल्या पाण्यांत मुळें कुजतात. कुंडीखालीं पाण्यानें भरलेली खड्यांची ताटली ठेवावी. कुंडीचा तळ मात्र पाण्यांत बुडूं नये. पानांवर फवारा मारण्याचें समाधान मोठें, उपयोग घटकाभराचा. पानांच्या दुमडलेल्या कडेखालीं तपकिरी रेघा दिसतात, त्यांस कीड समजून कित्येक हौशी लोक त्या खरवडून काढतात. वास्तविक तेथेंच त्याचे बीजाणु असतात. आणि जागा? सावलीची, वारा न लागणारी, दमट. साध्या घरांत अशी जागा बहुधा न्हाणीघराच्या खिडकींत किंवा पाण्याच्या माठाशेजारीं असते.

येथेंच खरी मेख आहे. न्हाणीघरांत ठेवलेला हंसराज पाहुण्यांस दिसत नाहीं. मग तो आणला कशासाठीं? ज्याला हा प्रश्न पडतो त्यानें हंसराज आणला नव्हता, बैठकीची शोभा आणली होती.

कोणी म्हणेल, इतकी यातायात करण्यापेक्षां त्याला विहिरीवरच राहूं द्यावें. या म्हणण्यांत तथ्य आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना धुरकट शहरांत नेचे जगवितां येईनात. 1829 साली बंद बाटलींतील ओल्या मातींत एक नेचा आपोआप उगवलेला त्यांना दिसला, आणि त्यांतून कांचेच्या पेट्या निघाल्या. त्या पेट्यांनीं नेचे जगविले, आणि त्यांच्याच जोरावर नेचे गोळा करण्याचें असें वेड पसरलें कीं 1855 साली चार्ल्स किंग्स्ली यांनीं त्या वेडाला स्वतंत्र नांव दिलें. कांहीं दुर्मिळ जाती हौशी हातांनीं मूळच्या कड्याकपारींतून जवळजवळ नाहींशा केल्या. म्हणून रानांतला हंसराज उपटून आणूं नये, हें आम्हांस मान्य आहे. परंतु रोपवाटिकेंत मिळणारीं पुष्कळशीं रोपें दक्षिण अमेरिकेंतील जातीचीं, कुंडींतच जन्मलेलीं. त्यांना परत जावयास विहीर नाहीं. जें आमच्याच हौशीसाठीं जन्मास घातलें गेलें, त्याला "तुझें तूं पाहा" असें कोणत्या तोंडानें सांगावें?

आणि झाडच कशाला? गांवाकडचें घर मिटवून आईला मुंबईच्या किंवा पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर आणणारे सुशील मुलगे थोडे नाहींत. जी बाई साठ वर्षें पहांटे उठून रहाटाचें पाणी ओढीत होती, ती येथें वर्षभरांत खंगते, चिडचिडी होते, आणि घरांतलीं माणसें एकमेकांस सांगतात, "अलीकडे आई फार हळवी झाली आहे." तिला अंगण नाहीं, बोलावयास शेजार नाहीं, दुपारभर दार लावलेलें; यांतलें कांहीं आपण बदलूं शकतों काय, हा विचार "हळवी" या एका शब्दाखालीं गाडला जातो. माणसाला वाचा आहे, झाडाला नाहीं, हा भेद आम्ही जाणतों. पण अशा आयांना विचारून पाहावें. शंभरांतल्या नव्वद जणी म्हणतील, "मला काय रे, मला कुठेंहि चालतें." हंसराज निदान इतका खोटेपणा करीत नाहीं, त्याचीं पानें वाळतात.

आतां वाळलेल्या कुंडीविषयीं. सगळीं पानें गेलीं तरी मातीलगत आडवें सरकणारें खोड पुष्कळदां जिवंत असतें. वाळके देठ मुळाशीं कापून टाकावे, माती ओली राखावी, खत घालूं नये, आणि वाट पाहावी. किती, तें सांगतां येत नाहीं. कधीं तीन आठवडे, कधीं दोन महिने. या दिवसांत कुंडींत मातीखेरीज कांहींच दिसत नाहीं, आणि घरांतलीं माणसें रोज विचारूं लागतात कीं, ही रिकामी कुंडी येथें कशाला ठेवली आहे?