भुकेल्या माणसाची कबुली



दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या माढा तालुक्याच्या शिवारात ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडून आलेली ही माणसे मुकादमाकडून उचल घेऊन आलेली असतात. त्यांच्या हालांचा विषय निघाला की आपण म्हणतो, "जबरदस्ती कोणी केली? पैसे स्वतःहून घेतलेत ना?" या प्रश्नाचा आज थोडा विचार करू या.

प्रश्न जुना आहे. १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरीबंदीचा कायदा अमलात आला आणि त्याच वर्षी मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर नेण्याची मोठी पद्धत सुरू झाली. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे तिथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. करार रीतसर होता; पण एक दिवस कामाला चुकले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. चीनमधूनही १८४७ ते १८७४ या काळात सव्वा लाखाच्या आसपास मजूर आठ वर्षांच्या करारावर क्युबाच्या ऊसमळ्यांत गेले. १८७४ साली चिनी सरकारच्या चौकशी मंडळाने तिथे जबान्या घेतल्या, तेव्हा आपल्याला फसवून किंवा पळवून आणले, असे कितीतरी जणांनी सांगितले. कागदावर मात्र सगळ्यांचीच कबुली होती.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात यावर स्पष्ट शिकवण दिली आहे. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने कामगार कठोर अटी मान्य करतो, तेव्हा तो अन्यायाचाच बळी असतो. पोट रिकामे असताना दिलेला होकार खोटा नसतो, पण पूर्ण मोकळाही नसतो.

म्हणून काम देणे पाप ठरत नाही. कोयता बंद झाला तर त्यांची चूल विझेल. मात्र करार झाला म्हणून आपले कर्तव्य संपत नाही. आजही कितीतरी टोळ्यांत आजारपणाच्या दिवशी 'खाडा' म्हणून दंड लागतो. नवरा-बायकोच्या जोडीला आपण एक 'कोयता' म्हणतो. माणसे अवजाराच्या नावाने मोजतो. मॉरिशसच्या मळेवाल्यांनाही फक्त हात हवे होते, पण गेली होती माणसे. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव जपला, मराठी जपली. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

कोणी म्हणेल, मजुरी कारखाना देतो, दंड मुकादम लावतो. आमच्या हातात काय? आपल्या विहिरीचे पिण्याचे पाणी आपल्या हातात आहे. कोपीतल्या लेकराला जवळच्या शाळेत पोचवणे, तापाने फणफणलेल्या बाईला दवाखान्यात नेणे, खाड्याबद्दल मुकादमाशी दोन शब्द बोलणे आपल्या हातात आहे. त्यांची जात-धर्म विचारण्याचे कारण नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातल्या धन्याने शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली, कारण घरी भूक पूर्ण दिवसाची होती, असे आम्हांला वाटते.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने जवळच्या एका कोपीपर्यंत जावे आणि तिथल्या माणसांची नावे विचारावीत.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू