आकडा आणि मूल

आमच्या राऊच्या टेकडीवर भारतीय प्रबंध संस्था आहे. १९९६ साली इंदूरला सुरू झालेल्या या संस्थेत नेतृत्व हा विषय रीतसर शिकवला जातो. टेकडीच्या खाली, पीथमपूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूला, लहानमोठ्या शाळा आहेत. प्रत्येक शाळेत एक ‘बडी मॅडम’ नाहीतर ‘बडे सर’ असतात. त्यांना नेतृत्व कोणी शिकवलं, असं विचारलं तर त्या हसतात. बाई चांगलं शिकवत होत्या, नोकरीची वर्षं भरली आणि एके दिवशी किल्ल्यांचा जुडगा हातात आला. बस्स, झाल्या मुख्याध्यापिका!

जुडग्याबरोबर काय काय येतं ते बघा. हजेरी, मध्यान्ह भोजनाचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, गळकं छप्पर, रुसलेले पालक आणि रोज नवी माहिती मागणारं पोर्टल. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरचं काम देऊ नये. कायदा बरोबरच आहे. पण आकडे भरणं हे ‘शिक्षणाबाहेरचं’ मानलं जात नाही, आणि बाईंचा दिवस त्यातच सरतो.

मला या निबंधात दमणुकीबद्दल बोलायचं नाही. दमतो तर आपण घरीही. मला एका नैतिक प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. वर पाठवायचा आकडा आणि वर्गात बसलेलं मूल यांच्यात अंतर पडलं, तर मुख्याध्यापिकेनं कोणाची बाजू घ्यायची?

उत्तर सोपं वाटतं, खरं बोलावं. पण जरा थांबा. चौथीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना भागाकार येत नाही, असं बाईंनी खरं लिहिलं, तर पहिला कागद त्यांच्याच नावाने येतो, ‘कारण दाखवा’. शेजारच्या शाळेनं सगळं छान लिहिलेलं असतं, तिचं कौतुक होतं. पालक आपलं मूल काढून तिकडे नेतात. पट कमी झाला की एका शिक्षिकेची जागा धोक्यात. म्हणजे बाईंच्या खरेपणाची किंमत दुसरीच कोणी भरते. अशा वेळी ‘थोडं वाढवून लिहिलं तर कोणाचं काय बिघडतं?’ हा विचार मनात येणारी बाई वाईट नसते. ती आपल्या माणसांना सांभाळत असते.

बिघडतं ते त्या मुलाचं. कागदावर त्याला भागाकार आला, म्हणजे आता त्याला तो कोणी शिकवणार नाही. खोट्या आकड्यानं त्याच्या हातून शिकण्याची संधी काढून घेतली, तीही त्याला न विचारता. आपण मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारी माणसं. ही इजा दिसत नाही म्हणून ती कमी होत नाही.

इथे मला ‘संशोधन’ हा शब्द आणायचा आहे. तो ऐकला की आपल्याला प्रयोगशाळा नाहीतर जाडजूड प्रबंध आठवतो. पण शिक्षकांसाठी एक साधा प्रकार आहे, कृतिसंशोधन. आपल्याच वर्गातली एक अडचण घ्यायची, ती का येते ते बघायचं, काहीतरी बदलून पाहायचं आणि काय झालं ते प्रामाणिकपणे लिहायचं. कर्ट लेविन यांनी १९४६ साली हा शब्द मांडला. बी.एड.ला अनेकांना हे करावं लागतं. दुःख एवढंच की बऱ्याच ठिकाणी एकीची फाईल बघून दुसरी लिहिली जाते आणि निष्कर्ष नेहमी एकच, ‘प्रगती झाली’!

माझ्या माहितीतल्या एका शिक्षिकेनं हे खरोखर केलं. तिच्या वर्गात शाब्दिक उदाहरणं कोणालाच सुटत नव्हती. तिने तीच उदाहरणं पुस्तकाच्या हिंदीतून न वाचता माळवीत, भाजीबाजाराच्या बोलीत सांगितली. अर्ध्याहून जास्त मुलांनी तोंडी उत्तरं दिली. मुलं गणितात कच्ची नव्हतीच, पुस्तकाच्या भाषेत अडत होती. ‘कच्चं’ हा एका बाजूनं बघून दिलेला निकाल होता. अनेकांत हा शब्द आपण व्याख्यानांत किती ऐकतो! तो वर्गात असा कामाला येतो. आपलं म्हणणं ‘एका दृष्टीनं’ खरं आहे, दुसरी बाजू बघायची राहिली आहे, एवढं लक्षात ठेवणं म्हणजेच संशोधन.

पण हे एकटीच्या हिमतीवर किती चालणार? आपल्याच मध्य प्रदेशात याचं मोठं उदाहरण होऊन गेलं. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो हाती घेतला. १९७८ साली तो जिल्हाभर गेला आणि १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’नं पुढे सांभाळला. मुलं स्वतः प्रयोग करत, परीक्षेतही पुस्तक उघडायची मुभा असे. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती शिक्षकांची मासिक बैठक. कुठला प्रयोग जमला नाही, मुलांनी कुठे अडवलं, हे शिक्षक तिथे मोकळेपणानं सांगत, आणि त्यावरून ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तकं सुधारून लिहिली जात. ‘मला हे जमलं नाही’ या वाक्याला तिथे शिक्षा नव्हती. त्या वाक्यापासूनच तर काम सुरू होई.

२००२ साली शासनानं तो कार्यक्रम बंद केला. म्हणजे चांगली व्यवस्थाही वरच्या एका निर्णयानं थांबू शकते. पण ३० वर्षं ती सरकारी शाळांतल्या साध्या शिक्षकांनीच चालवली, हेही तितकंच खरं.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं आहे. मुख्याध्यापिकेनं मुलाची बाजू घ्यावी, आणि तिला ती घेता यावी ही जबाबदारी आपली. नेतृत्व म्हणजे सगळ्यांत पुढे उभं राहणं नव्हे. आपल्या शिक्षिकेला न घाबरता ‘जमलं नाही’ म्हणता येईल आणि तो कागद वर गेला तर सही आपली असेल, एवढी सावली धरणं म्हणजे नेतृत्व. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकांसाठी दर वर्षी ५० तासांच्या प्रशिक्षणाची सोय सांगितली आहे, मुख्याध्यापकांसाठीही तशीच. त्या तासांत ही सावली धरायला शिकवलं तर सार्थक होईल.

आणि मैत्रिणींनो, आपलं काय? आपल्यातल्या किती जणी शाळांच्या समित्यांवर आहेत, कितींच्या घरचे विश्वस्त आहेत, आणि आई किंवा आजी म्हणून पालकसभेला तर आपण सगळ्याच जातो. तिथे आपला पहिला प्रश्न असतो, ‘निकाल किती टक्के?’ तोच प्रश्न पायरी पायरीनं चढत बाईंच्या टेबलावर जातो आणि खोटा आकडा होऊन उतरतो. या वेळी वेगळं विचारून बघा, ‘बाई, यंदा काय जमलं नाही, आणि त्यासाठी आम्ही काय करू?’ आधी बाई बिचकतील. उत्तर मिळायला दोन-तीन सभा लागतील. पण मिळेल ते खरं असेल, आणि त्याचा उपयोग त्या भागाकार न येणाऱ्या मुलाला होईल.