कोरे आणि जुने

मातोश्रींचे वर्षश्राद्ध उरकल्यानंतर, ज्या पत्र्याच्या ट्रंकेची किल्ली त्यांनी हयातीत कोणाच्याही हाती पडू दिली नव्हती, ती ट्रंक उघडण्याचे काम घरातील स्त्रियांनी एकमताने टाळल्यामुळे अखेर माझ्याकडे आले. आणि झाकण वर होताच वेखंड, वाळलेला कडुनिंब व डांबराच्या गोळ्या यांचा जो संमिश्र, किंचित कडवट दर्प बाहेर आला, त्याने आपण कोणाच्या तरी खासगी दप्तरात बेकायदा शिरलो आहोत असे मला क्षणभर वाटले. आत लुगडी थोडीच होती. खण मात्र मोजून 23 निघाले: बहुतेक गुळेदगुड्डच्या मागावरचे, त्रिकोणी घडीचे, एकालाही कातर न लागलेले. त्यांच्याखाली लांगक्लॉथचा एक तुकडा, पॉपलिनचे दोन आणि छिटेचा एक. त्यांचे पुढे काय शिवायचे होते, हा बेत ठेवणारीबरोबरच गेला.

माझी एक भाची शिवणात निष्णात आहे आणि जुन्या कापडाची पोलकी व पिशव्या शिवून विकण्याचा तिचा लहानसा व्यवसाय आहे. तिने एक खण उलगडला, उजेडात धरला आणि विचारले, "मामा, याला व्हिंटेज म्हणता येईल ना?" आईच्या खणांच्या संदर्भात विक्रीचा शब्द ऐकून मी प्रथम चिडलो हे कबूल केले पाहिजे. परंतु रात्री विचार करता असे दिसून आले, की तिने विचारलेली गोष्ट बाजाराची असली तरी तिच्या पोटात एक जुना वाद दडलेला आहे, आणि तो आपल्याकडील दर्शनकारांनी, योगायोगाने म्हणा किंवा नाही म्हणा, कापडाचाच दृष्टांत घेऊन शतकानुशतके लढविलेला आहे. जे वस्त्र कधी नेसले गेले नाही, धुतले गेले नाही, शिवलेदेखील नाही, ते जुने होते काय? आणि होत असेल तर कधीपासून?

'व्हिंटेज' हा शब्द मुळात कापडाचा नव्हे, द्राक्षांचा. द्राक्षांच्या तोडणीला लॅटिनमध्ये जो शब्द होता तो फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता बदलला आणि अमुक सालच्या पिकाची मदिरा असा अर्थ त्याला चिकटला. म्हणजे त्या शब्दात प्राचीनत्वाचा दावा मुळीच नव्हता. गतवर्षीच्या मदिरेलाही तिचे साल होतेच. साल सांगता येणे हेच त्यातले सार. पुढे मोटारी, दागिने, कपडे यांच्या व्यापारात तो शिरला, तेव्हा साल गळून पडले आणि जुनेपणाचा एक मोघम सुगंध तेवढा राहिला. व्यापारी कोणी वीस वर्षांची मुदत धरतात, कोणी अधिक. मुदतीच्या मागे तत्त्व असे काही नाही. आपल्या सरकारने 1972 साली पुराणवस्तूंविषयी जो कायदा केला त्यात वस्तूला शंभर वर्षे पूर्ण व्हावी लागतात, शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर पुरतात. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही; परंतु नव्व्याण्णव वर्षे अकरा महिन्यांची पैठणी केवळ जुनी आणि पुढच्या महिन्यात तीच पुराणवस्तू, हा निकाल पैठणीला स्वतःला समजावून सांगणे कठीण आहे.

साल शोधावयाचे झाल्यास साक्षीपुरावे आहेत, आणि भाचीने ते मोठ्या हुशारीने गोळा केले. लांगक्लॉथच्या तुकड्याच्या टोकाला गिरणीचा पुसट शिक्का होता व त्यात दर वारी रुपये-आण्यांत छापलेला होता. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 रोजी आली आणि मेट्रिक मापे 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तेव्हा ज्या कापडावर वार आणि आणे एकत्र नांदतात ते त्या सुमाराचे किंवा त्याआधीचे, एवढे खात्रीने म्हणता येते. पॉपलिनचा एक धागा ओढून तिने काडीवर धरला. तो कागदासारखा जळून राख झाला असता तर सुती ठरला असता, पण त्याचा काळा, कडक मणी झाला, म्हणजे त्यात टेरिलीनच्या जातीचे सूत आहे. ते सूत 1941 साली इंग्लंडातल्या दोघा रसायनज्ञांनी प्रथम तयार केले आणि आपल्याकडे तर त्यानंतर बऱ्याच उशिरा घरोघर आले. म्हणजे आईने ज्या कापडाला आयुष्यभर "माझ्या लग्नातलं" म्हटले, ते तिच्या लग्नातले असणे शक्य नव्हते. मी हे कोणाला सांगितले नाही. छिटेच्या तुकड्याने वेगळीच साक्ष दिली: त्यावरील काळ्या रेघांच्या जागी बारीक भोके होती, कारण लोहाचा कस देऊन चढविलेला काळा रंग कालांतराने आपल्या खालचा धागा खातो. तो तुकडा कोणी वापरला नव्हता, उन्हात टाकला नव्हता. रंग आत बसल्या जागी आपले काम करीत होता.

खणांनी मात्र कसलाही दाखला दिला नाही. हातमागाच्या खणावर शिक्का नसतो, आणि नक्षी पिढ्यान् पिढ्या तीच चालत आलेली. तथापि निम्म्याहून अधिक खणांना टाचणीने एकेक चिठ्ठी लावलेली होती. महाराष्ट्रातील वाचकाला याचे कारण सांगावयास नको, तरीही नव्या पिढीसाठी सांगतो: ओटीत आलेला खण पुढे दुसऱ्या कोणाच्या ओटीत जातो, आणि तो चुकून ज्या घरून आला त्याच घरी परत गेला तर त्यासारखी नामुष्की नाही, म्हणून जमाखर्च ठेवावा लागतो. चिठ्ठ्यांवर आईच्या बारीक अक्षरात लिहिलेले होते: धाकट्या जावेकडून, संक्रांत. वन्संकडच्या मुंजीत. चैत्रगौर, शेजारून. तिथी आहे, सण आहे, नाते आहे. साल एकावरही नाही. ज्या शब्दाचा प्राण साल हाच होता तो शब्द लावण्यासाठी आम्ही असे दप्तर तपासत होतो, की ज्याच्या कारकुनीने सालाची आवश्यकताच मानली नव्हती.

आता धर्माचे काय म्हणणे आहे ते पाहू. आमच्या मातोश्रींना यातला कोणताही खण देवीच्या ओटीत घालताना तो किती वर्षांचा आहे असा प्रश्न पडला नसता. त्या एवढेच पाहत, की तो कोरा आहे ना. धर्मशास्त्रात कर्माला योग्य अशा वस्त्राला 'अहत' म्हणतात, म्हणजे शब्दशः, धोब्याच्या दगडावर न आपटलेले. आणि त्याचे लक्षण सांगताना ते किंचित धुतलेले, नवे, शुभ्र, दशायुक्त आणि कोणी न नेसलेले असावे असे म्हटले जाते. फाटके, जळके वा उंदरांनी कुरतडलेले वर्ज्य. या लक्षणात 'नवे' हा शब्द आहे, पण नवेपणाची मुदत कोठेही दिलेली नाही. आणि व्यवहारात त्या शब्दाचा अर्थ 'न नेसलेले' या शेवटच्या विशेषणानेच भरून काढला जातो. चाळीस वर्षे ट्रंकेत राहिलेला खण देवीपुढे नवा असतो आणि काल घेतलेले, एकदाच नेसलेले लुगडे जुने. मराठीने हा भेद अत्यंत स्वच्छ राखला आहे. 'कोरे' याचा विरुद्धार्थी शब्द 'जुने' नव्हे, 'वापरलेले' हा आहे. कोरेपणा हे मनुष्याच्या स्पर्शाविषयीचे विधान आहे; काळाविषयी तो काहीच बोलत नाही.

मग काळाविषयी कोण बोलते? नैयायिक म्हणतात, तंतू हे पटाचे समवायी कारण, त्यांचा संयोग असमवायी, माग आणि विणकर निमित्त. पट ही तंतूंहून वेगळी, विणण्याच्या क्षणी प्रथमच अस्तित्वात आलेली वस्तू. त्यांची शिस्त इतकी कडक, की पटातून तंतू काढले किंवा पट कापला, तर पहिला पट नष्ट झाला व खंडपट नावाचा दुसरा उत्पन्न झाला असे ते मानतात. हा हिशेब घेऊन शिंप्याच्या दुकानात गेलो, तर खणावर कातर चालताच जुना खण संपला आणि पोलक्याचे कापड त्याच दुपारी जन्मास आले. भाचीच्या पोलक्यांना व्हिंटेज म्हणणे म्हणजे न्यायशास्त्राच्या दृष्टीने सरळ लबाडी. सांख्यांचे उलट. त्यांच्या मते कार्य कारणात आधीपासूनच असते, पट तंतूंत होताच. मग त्याचे वय सुतापासून, सुताचे कापसापासून मोजावे लागेल आणि बोंड फुटण्यापूर्वीच्या मातीपर्यंत जाऊन थांबण्यास जागा उरणार नाही. एका मताने काहीच जुने नाही, दुसऱ्याने काहीच नवे नाही. वेदान्तसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच पादात कापडाचा दाखला देणारे एक सूत्र आहे, आणि त्यावरील भाष्यात शंकराचार्य गुंडाळलेल्या व पसरलेल्या वस्त्राचा दृष्टांत विशद करतात: गुंडाळलेले असताना ते वस्त्र आहे की आणखी काही हे कळत नाही, वस्त्र आहे एवढे कळले तरी त्याची लांबीरुंदी कळत नाही, पसरले की सारे व्यक्त होते, पण म्हणून वस्तू दुसरी होत नाही. आचार्यांना कार्यकारणाचे अभेदत्व सिद्ध करावयाचे होते. मला मात्र ते वाचताना नेहमी वाटते, की घडीतल्या वस्त्राची लांबी आणि पन्हा जसा उलगडल्यावर कळतो, तसे त्याचे वयही उलगडल्यावरच कळते; आणि तेथे अभेद इतका निर्वेध राहत नाही.

याचा पडताळा आम्हांला आठवड्याभरातच आला. जांभळ्या रंगाचा, सर्वांत देखणा खण घरातील एका मुलीसाठी शिवावयाचे ठरले. तो तिनेच निवडला होता. कोरा करकरीत; हात लावला तर खळ अजून बोटांना जाणवे. शिवण झाली, पोलके अंगात गेले, आणि तिने हात वर करताच ज्या रेषांवर इतकी वर्षे घडी होती नेमक्या त्याच रेषांवर ते तीन ठिकाणी चिरले. कापड विरलेले नव्हते, झिजलेले नव्हते. झीज होण्यास अंग लागते, आणि या कापडाने अंग पाहिलेच नव्हते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात टाकून दिलेल्या जीर्ण वस्त्रांचा जो सर्वश्रुत दृष्टांत आहे तो नेसून नेसून जीर्ण झालेल्या वस्त्राचा आहे. न नेसता जीर्ण झालेल्या वस्त्राचे काय, हे सांगण्याचे काम योगशास्त्राला करावे लागले.

पतंजलीच्या चौथ्या पादात क्रमाविषयीचे जे सूत्र आहे, त्यावर व्यासभाष्य म्हणते, की वस्त्राचे जुनेपण हे शेवटी एकाएकी उपटत नाही. क्षणांची परंपरा ज्याने अनुभवली नाही अशा वस्त्राच्या ठायी अखेरीस जुनेपण आढळणे शक्य नाही. टीकाकार वाचस्पतिमिश्र तर काळजीपूर्वक जपून ठेवलेल्या नव्या वस्त्राचाच उल्लेख करतात: जपले तरी तेही दीर्घकाळाने जुने झालेले दिसते. म्हणजे मागावरून उतरल्या क्षणापासून प्रत्येक क्षण त्या कापडावर आपली न दिसणारी नोंद करीत असतो, आणि आपल्याला जे एके दिवशी चिरल्यावर कळते ते असंख्य क्षणांपूर्वीच सुरू झालेले असते. यास्काने 'पुराण' या शब्दाची फोड करताना, पूर्वी जे नवे होते ते पुराण, असे सुचविले आहे; त्यात मला विशेष गंमत वाटते ती ही, की जुनेपणाच्या व्याख्येतच नवेपणाची वस्ती आहे, आणि एकातून दुसऱ्याकडे जाण्याची तारीख मात्र कोणीही टिपून ठेवलेली नाही.

या विचारसरणीने पाहता माझा निकाल असा. न शिवलेल्या कापडाचे वय मागापासून मोजावे, कातरीपासून नव्हे आणि कापसापासूनही नव्हे. कारण घडीवरच्या चिरा मागावर विणलेल्या कापडालाच पडल्या, आणि त्यांची तयारी होण्यासाठी शिंप्याची वाट कोणी पाहिली नाही. ते कोरे आहे म्हणून नवे आहे हा समज देवघरापुरता ठीक आहे, आणि तेथे तो मी मोडणार नाही, कारण देवीला आपण काळ अर्पण करीत नसून कोणाचाही स्पर्श न झालेली वस्तू अर्पण करतो. परंतु विकत घेणाऱ्याला ते कापड घडीवर दगा देऊ शकते हे सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. आणि ज्याला साल, निदान सालाची मर्यादा, सांगता येत नाही, त्याने सालाचा शब्द वापरू नये. 'जुने' हा आपला साधा शब्द पुरेसा आहे, आणि तो खोटे बोलत नाही.

भाचीने हुज्जत घातली, पण अखेर मानले. आईच्या चिठ्ठ्या आम्ही काढून घेतल्या नाहीत. त्यांच्याशेजारी दुसऱ्या लावल्या. खणांवर लिहिले: न शिवलेला, न धुतलेला, साल ठाऊक नाही, घडीवर जपावे. छिट तिने विक्रीतून वगळली. लांगक्लॉथच्या तुकड्यावर तेवढे लिहिले: व्हिंटेज, 1957 च्या सुमाराचे किंवा त्याआधीचे. उरलेल्या 22 खणांपैकी 9 विकले गेले आणि 4 ओट्यांत गेले. लांगक्लॉथला अद्याप गिऱ्हाईक आलेले नाही.