डोंगर कोणाचे, हे ठरवलं कोणी?

कर्णफुली नदीवरचं काप्ताई धरण १९६२ साली पूर्ण झालं. पूर्व पाकिस्तानला वीज हवी होती. तिच्यासाठी चितगावच्या डोंगराळ प्रदेशातली सुमारे ५४ हजार एकर जमीन पाण्याखाली गेली. तिथल्या पिकाऊ जमिनीचा तो जवळजवळ ४० टक्के भाग होता. रांगामाटीचा, तिथल्या चकमा जमातीच्या राजांचा राजवाडाही बुडाला. लाखभर माणसं विस्थापित झाली, त्यांतली बहुतेक चकमा. या प्रदेशातल्या संघर्षाला आज सर्रास ‘पहाडी विरुद्ध बंगाली’ म्हटलं जातं, पण त्याची सुरुवात शोधू लागलं की पहिल्यांदा भेटतं ते सरकार.

ब्रिटिशांनी १९०० साली केलेल्या नियमांनी बाहेरच्यांना इथे जमीन घ्यायला आडकाठी केली होती. फाळणीत हा प्रदेश पाकिस्तानकडे गेला, तेव्हा इथले ९७ टक्क्यांच्या आसपास लोक बिगर-मुस्लिम होते. पुढे बांगलादेश झाला. नव्या राज्यघटनेने सर्व नागरिकांना बंगाली ठरवलं, तेव्हा चकमा नेते मानवेंद्र नारायण लारमा यांनी घटना समितीत त्याला विरोध केला. तो ऐकला गेला नाही. शांतिवाहिनी या पहाडी बंडखोर संघटनेची बंदूक त्यानंतरची.

या बंडाला सरकारने माणसांनीच उत्तर दिलं. राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांच्या काळात, १९७९ पासून, मैदानी प्रदेशातली बंगाली कुटुंबं सरकारी खर्चाने डोंगरात आणून वसवली गेली. काही वर्षांत आलेल्यांचा आकडा चार लाखांच्या घरात सांगितला जातो. १९५१ साली बंगाली लोकसंख्या ९ टक्के होती, ती १९९१ मध्ये एकूण लोकसंख्येच्या जवळजवळ निम्मी झाली. आले ते कोण? नदीने शेत खाल्लेले, भूमिहीन, पोटाला चिमटा काढून जगणारे. त्यांना जमिनीचं आश्वासन होतं. पण ‘मोकळी’ म्हणून दाखवलेली जमीन मोकळी नव्हती. झूम म्हणजे फिरत्या शेतीत एक तुकडा काही वर्षं पडीक ठेवतात. त्याचा सातबारा नसतो, मालकी गावाच्या स्मरणात असते. कागद नाही म्हणून ती सरकारने वाटून टाकली. पुढे या वसाहतकऱ्यांना लष्करी छावण्यांच्या आसपास ‘गुच्छग्रामां’त गोळा केलं गेलं, शिध्यावर ठेवलं गेलं. दुसऱ्याच्या युद्धात त्यांची ढाल झाली, असं मी स्पष्ट म्हणेन.

म्हणून दोन्ही बाजू सारख्याच, असं मात्र नाही. १९९२ च्या एप्रिलमध्ये लोगांग इथे पहाडी वस्ती जाळली गेली, माणसं मारली गेली. हजारो पहाडी कुटुंबं भारतात त्रिपुरातल्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिली. वसाहतकऱ्याची गरिबी खरी आहे, पण तिच्यामुळे दुसऱ्याच्या रानावर हक्क सांगता येत नाही.

एवढ्यावर थांबलं तर ‘मूळ रहिवासी तेवढे न्याय्य’ हे सूत्र सोपं वाटेल. ते कितपत टिकतं, हे अरुणाचलात कळतं. धरणाने उठवलेल्या चकमांपैकी अनेकजण भारतात आले, आणि भारत सरकारने १९६४ पासून हजारोंना तेव्हाच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, वसवलं. तिथल्या जमातींना विचारलं नव्हतं. त्यामुळे चितगावच्या डोंगरात मूळचा असलेला चकमा अरुणाचलातल्या चांगलांग जिल्ह्यात उपरा झाला. ‘आमची जमीन, आमची संख्या’ ही तिथल्या विद्यार्थी संघटनांची भीती चकमांनी स्वतः रांगामाटीत अनुभवलेलीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमांच्या जीविताचं रक्षण करण्याचा आदेश राज्याला दिला, २०१५ मध्ये नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढायला सांगितलं. तरी प्रश्न लोंबकळतच आहे.

माझं म्हणणं असं, की कोण आधी आलं यावर निवाडा अडवून ठेवू नये. माणसं कोणी हलवली आणि कोणाच्या जमिनीवर, हे आधी लिहून काढावं, आणि भरपाईचा बोजा हलवणाऱ्यावर टाकावा. अरुणाचलात तिथेच जन्मलेल्यांना नागरिकत्व मिळावं आणि त्यांचा भार एकाच जिल्ह्यावर न टाकता केंद्राने उचलावा. चितगावच्या डोंगरात गावाची मालकी कागदाइतकीच ग्राह्य धरावी, आणि जो वसाहतकरी स्वखुशीने मैदानात परतेल त्याला तिथे खरीखुरी जमीन द्यावी. बांगलादेश सरकार आणि पहाडी बंडखोर यांच्यातल्या २ डिसेंबर १९९७ च्या शांतता करारात जमिनीचे तंटे सोडवायला आयोग नेमण्याचं ठरलं होतं. त्याचा कायदा २००१ मध्ये झाला, २०१६ मध्ये सुधारला, आणि अर्जांचे हजारो कागद आजही त्या आयोगापुढे पडून आहेत.